प्याला एकाचा, झळ घरादाराला

दिवाळी अंक हा घरातल्या सगळ्यांनी मिळून वाचायचा असतो. आजोबांच्या हातून तो सुनेकडे जातो, सुनेकडून कॉलेजातल्या नातवाकडे, आणि जाता जाता फराळाच्या तेलकट बोटांचे ठसे त्याच्या पानांवर उमटतात. अशा अंकात दारूचा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. आकाशकंदिलाखाली बसून वाचायला दुसरे विषय का थोडे आहेत? परंतु याच चार दिवसांत, पणत्या लावून झाल्यावर कान जिन्याकडे लावून बसणारी घरे आपल्या आळीत, आपल्या इमारतीत, आणि पुष्कळदा आपल्या नात्यागोत्यातही असतात. 'तो' किती वाजता येईल, कसा येईल, पाहुण्यांसमोर काय बोलेल, या एकाच चिंतेत त्या घरातल्या चकल्या तळल्या जातात. त्या घरांविषयी हे लिहिणे आहे. पिणाऱ्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याच्या सोबत राहणाऱ्यांविषयी त्या मानाने फार थोडे.

ही घरे किती असावीत? दिल्लीच्या एम्स संस्थेने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार आपल्या देशात सुमारे १६ कोटी लोक मद्यपान करतात, आणि त्यांपैकी ५ कोटी ७० लाखांवर लोकांचे पिणे मदतीवाचून आवरणार नाही अशा थराला गेलेले आहे. एकेकामागे घरातली तीनच माणसे धरली, तरी होरपळणाऱ्यांचा आकडा १७ कोटींवर जातो. आणि उपचार? दारूच्या पुरत्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकाला कसलेतरी उपचार मिळतात, असे तीच पाहणी सांगते. उरलेल्या ३७ जणांचे उपचारकेंद्र म्हणजे त्यांचे घर. डॉक्टर बायको, परिचारिका आई, आणि रात्रपाळीचा पहारेकरी दहा वर्षांचा मुलगा!

सिंधूने काय करायला हवे होते?

मी मराठीची अध्यापिका आहे. 'एकच प्याला' वर्गात शिकवण्याचा योग मला अनेकदा आला. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी वारले आणि त्याच वर्षी, त्यांच्या माघारी, गंधर्व नाटक मंडळीने हे नाटक रंगभूमीवर आणले. बालगंधर्वांची सिंधू पाहताना प्रेक्षागृहात हुंदके आवरत नसत, असे जुनी माणसे सांगत. बुद्धिमान वकील सुधाकर, अपमानाच्या झटक्यात घेतलेला पहिला घोट, तळीरामाचे आर्य मदिरा मंडळ, उपाशी घर, माहेरची मदत नाकारून लोकांचे दळण दळणारी सिंधू, आणि शेवटी सगळ्या संसाराची राखरांगोळी. ही कथा न वाचलेल्यालाही ठाऊक असते.

पूर्वीच्या विद्यार्थिनी सिंधूसाठी रडत. अलीकडच्या रागावतात. "मॅडम, ती काहीच कशी करत नाही?" असा प्रश्न दरवर्षी कोणीतरी विचारतेच. मी त्यांना सांगते, प्रश्न रास्त आहे. पण १९१९ साली तिच्या हातात होते तरी काय? व्यसन हा आजार आहे असे अमेरिकेतल्या वैद्यकसंघाने मान्य केले ते १९५६ साली. व्यसनी माणसांनीच एकमेकांना सावरण्याची 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' ही चळवळ सुरू झाली १९३५ साली, आणि मुंबईत ती पोहोचली १९५७ साली. सिंधूच्या पिढीजवळ तीनच साधने होती, आणि गडकऱ्यांनी ती तिन्ही रंगमंचावर आणून उभी केली. सिंधू सहन करते. रामलाल उपदेश करतो. आणि सिंधूचा भाऊ पद्माकर बहिणीला त्या घरातून बाहेर काढू पाहतो. सहन करणे, अडवणे, आणि दूर होणे.

जिम ऑरफर्ड या इंग्रज मानसशास्त्रज्ञांनी देशोदेशींच्या व्यसनग्रस्त कुटुंबांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांनाही घरच्या माणसांच्या वागण्याच्या ह्याच तीन तऱ्हा सापडल्या. गडकऱ्यांनी हे सारे नुसत्या निरीक्षणाने टिपले होते! ऑरफर्ड यांचे म्हणणे असे, की यांतली कोणतीही एक तऱ्हा सर्वस्वी बरोबर किंवा सर्वस्वी चूक नाही. प्रत्येक तऱ्हेचा काही लाभ असतो, काही किंमत असते. आपण मात्र शंभर वर्षे पहिल्याच तऱ्हेची पूजा केली. सोसणारी ती सती. बोलणारी ती कजाग. दूर होणारी ती संसार मोडणारी. या पूजेची किंमत किती सिंधूंनी मोजली, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

सात पायऱ्या

माझ्या मामींनी ती किंमत अकरा वर्षे मोजली. मामा डोंबिवलीला राहत आणि मुंबईत एका कचेरीत कारकून होते. अक्षर मोत्यासारखे, गळा गोड, मुलांत मूल होणारा माणूस. या लेखापुरते इतकेच पुरे. कारण मामा कसे पीत हे सांगण्यासारखे काही नाही. सगळे पिणारे सारखेच पितात. मामी कशा जगत होत्या, ते सांगण्यासारखे आहे.

१९५४ साली जोन जॅक्सन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी एक निबंध प्रसिद्ध केला. सिअ‍ॅटल शहरात व्यसनी नवऱ्यांच्या बायका एकत्र जमत. त्यांच्या बैठकांना दीर्घकाळ हजर राहून बाईंनी त्यांच्या कहाण्या ऐकल्या होत्या. त्या काळी काही मानसतज्ज्ञांचे मत असे होते, की अशा बायकांच्या स्वभावातच काही दोष असतो, म्हणून त्या असला नवरा पत्करतात. जॅक्सनबाईंनी दाखवून दिले, की या बायका मुळात तुमच्याआमच्यासारख्याच असतात. एका लांबत जाणाऱ्या संकटाला तोंड देता देता त्यांचे वागणे टप्प्याटप्प्याने बदलत जाते. असे सात टप्पे त्यांनी मांडले. तो निबंध प्रथम वाचला तेव्हा मला वाटले, बाई सिअ‍ॅटलला नव्हे, डोंबिवलीला बसून लिहीत होत्या.

पहिला टप्पा, नाकारण्याचा. "ऑफिसातली पार्टी होती", "सगळेच घेतात", "दमून येतात हो". दुसरा, झाकण्याचा आणि आवर घालू पाहण्याचा. मामी पाण्याच्या पिंपामागे, रजईच्या घडीत, देवघराखालच्या कप्प्यात बाटल्या हुडकत आणि मोरीत ओतत. पहिल्या तारखेला पगार हाती पडण्याआधी त्या कचेरीच्या दाराशी जाऊन उभ्या राहत. सोमवारी सकाळी शेजाऱ्यांच्या फोनवरून कचेरीत कळवत, "ह्यांना ताप आहे." सणावाराला बोलावणी आली की कोणाच्या तरी परीक्षेचे निमित्त पुढे करत. हळूहळू बोलावणी यायची थांबली. तिसरा टप्पा, घराची घडी विस्कटण्याचा. मामींनी प्रयत्न सोडून दिले. वाण्याची उधारी वाढली, पाटल्या गहाण पडल्या, मुलांवर विनाकारण हात उठू लागला. चौथ्यात बाई स्वतःच घर हाती घेते. नवरा म्हणजे घरातले एक हूड मूल, असे समजून कारभार चालवते. मामींनी पाळणाघर काढले. पाचवा टप्पा दूर होण्याचा, सहावा त्याच्यावाचून घर सावरण्याचा, आणि सातवा, व्यसन सुटलेच तर, त्याला घेऊन पुन्हा नव्याने घर मांडण्याचा.

सगळी घरे सातही पायऱ्या चढत नाहीत. कित्येक दुसऱ्या पायरीवरच जन्म काढतात. आणि ती दुसरी पायरी मोठी फसवी असते, कारण तिथे आपण काहीतरी करतो आहोत असे वाटत राहते. ओतलेल्या बाटलीच्या जागी दुसरी येते. तापाच्या थापेने नोकरी वाचते, आणि नोकरी वाचली म्हणून पिणेही वाचते! प्रेमापोटी आपण पिणाऱ्याच्या पाठीशी उशी ठेवत जातो. तो पडतो, पण त्याला लागत मात्र काही नाही. लागते ते घराला.

फेकलेला बूट

आता एका बाईंची गोष्ट. लोइस विल्सन त्यांचे नाव. 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस'च्या दोन संस्थापकांपैकी बिल विल्सन यांच्या या पत्नी. सतरा वर्षांचा संसार, त्यातली बहुतेक वर्षे नवऱ्याच्या दारूत गेलेली. दुकानात नोकरी करून घर चालवलेले. १९३४ च्या डिसेंबरात बिलने दारू सोडली ती कायमची. लोइस सुखी व्हायला हव्या होत्या. पण एके दिवशी बिल म्हणाला, "चल, लवकर आटप, सभेला उशीर होतोय," आणि त्यांनी पायातला बूट काढून त्याच्या दिशेने फेकला. नवरा पीत होता तेव्हा जो संताप कधी असा उफाळला नाही, तो नवरा सुधारल्यावर उफाळला. बाई स्वतःच चकित झाल्या. इतकी वर्षे या माणसाला सुधारणे हेच त्यांच्या आयुष्याचे काम होते; तो दुसऱ्यांच्या मदतीने सुधारला, आणि त्यांचे काम संपले. त्याच्या आजारात त्याही आजारी पडल्या होत्या, आणि त्यांच्यावर मात्र कोणी इलाज केला नव्हता.

या जाणिवेतून, आणि अ‍ॅन नावाच्या मैत्रिणीच्या साथीने, १९५१ साली 'अल्-अ‍ॅनॉन' या कुटुंबीयांच्या गटांची संघटना उभी राहिली. तिचा गाभा सांगायला सोपा आणि पचवायला कठीण आहे. हे व्यसन तुमच्यामुळे लागलेले नाही. तुम्हाला ते ताब्यात ठेवता येणार नाही. तुमच्या हातून ते बरे होणार नाही. आपल्याकडच्या किती सुनांना हे पहिलेच वाक्य औषधासारखे लागू पडेल! "बायको धड असती तर पोरगा असा वाहवला नसता", हे ऐकत ऐकतच त्यांची वर्षे गेलेली असतात.

मामी १९८९ साली अशाच एका सभेला गेल्या. कोणा डॉक्टरीणबाईंनी सुचवले म्हणून, आणि खरे तर नवऱ्याला सुधारण्याची युक्ती मिळेल या आशेने. तिथे एका वर्गखोलीत पंधरावीस बायका बाकांवर बसल्या होत्या. मामी मला पुढे सांगत, "अगं, तिथं कोणी ह्यांची चौकशीच केली नाही! सगळ्यांनी विचारलं, तू कशी आहेस. मला उत्तरच देता येईना. अकरा वर्षांत हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता."

त्यानंतर काही महिन्यांनी एका सोमवारी मामींनी कचेरीत फोन केला नाही. "तुमची रजा तुम्ही कळवा," एवढेच म्हणाल्या. मामा चिडले, आदळआपट केली. पुढच्या महिन्यात त्यांना कचेरीतून मेमो आला. एका रात्री ते जिन्यातच कोसळले. मामींनी त्यांच्या अंगावर चादर घातली, उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला, आणि दार लोटून घेतले. पूर्वी त्या त्यांना ओढत आत आणत, कपडे बदलत, जिना धुऊन काढत, म्हणजे सकाळी शेजाऱ्यांना काही कळू नये. त्या दिवशी सकाळी शेजाऱ्यांना कळले. मामांनाही कळले. आणि मामींनी पुन्हा भजनी मंडळात जायला सुरुवात केली.

धाकापेक्षा काय चालते?

हा निष्ठुरपणा नव्हे काय, असे आपण विचाराल. अनुभवाचे उत्तर बाजूला ठेवून अभ्यासाचे उत्तर देते. १९९९ साली अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको विद्यापीठातल्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. उपचाराला साफ नकार देणाऱ्या मद्यपींचे १३० नातेवाईक त्यांनी निवडले व त्यांचे तीन गट केले. पहिल्याला अल्-अ‍ॅनॉनच्या विचारांची ओळख करून दिली, म्हणजे पिणाऱ्याला सोडून स्वतःकडे पाहा. दुसऱ्याला सगळ्या घराने मिळून पिणाऱ्याला समोर बसवून खडसावण्याची तयारी करून दिली. तिसऱ्याला रोजच्या वागण्याचे शिक्षण दिले. पहिल्या गटातले १३ टक्के मद्यपी उपचाराला आले, दुसऱ्यातले ३० टक्के, आणि तिसऱ्यातले ६४ टक्के. नातेवाइकांची स्वतःची मनःस्थिती मात्र तिन्ही गटांत सुधारली. म्हणजे स्वतःकडे पाहिल्याचा लाभ स्वतःला होतोच. आणि वागण्याची रीत शिकली तर समोरचाही पुष्कळदा हलतो.

त्या तिसऱ्या रीतीत जादू काही नाही. ती घरगुती भाषेत अशी सांगता येईल. तो न पिता आलेली संध्याकाळ चांगली जाऊ द्या: गरम जेवण, गप्पा, पत्त्यांचा डाव, मुलांची प्रगती, मागचे उगाळू नका. तो पिऊन आला तर वाद घालू नका, बडदास्तही ठेवू नका. शांतपणे आपल्या खोलीत जा. त्याच्या पिण्याचे जे परिणाम आपोआप होतात ते अडवू नका: रजा त्याची त्याने मागावी, मोडलेले त्याने भरून द्यावे, उसने त्याने फेडावे. बोलायचे ते सकाळी, तो शुद्धीवर असताना, थोडे आणि स्वतःविषयी बोला. "तुम्ही असे आहात" याऐवजी "मला रात्री भीती वाटते." उपचाराची गोष्ट काढायला तो खजील असेल ती वेळ पाहा, आणि पत्ता, वेळ, डॉक्टरांचे नाव आधीच तयार ठेवा, कारण अशी वेळ तासाभरात निघून जाते. आणि स्वतःचे आयुष्य, मैत्रीण, नोकरी, गाणे, देऊळ, त्याच्या सुधारण्यापर्यंत तहकूब ठेवू नका.

एक अट मात्र पहिली. घरात मारहाण होत असेल तर हे सारे नंतर. तिथे प्रथम स्वतःला आणि मुलांना सुरक्षित जागी नेले पाहिजे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा कायदा त्यासाठीच आहे, आणि १८१ हा महिलांसाठीचा मदतीचा क्रमांकही. दारू पिऊन मारले म्हणून मार माफ होत नाही.

घरगुती उपाय आणि त्यांचे धोके

आपल्या घरांत काही उपाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. त्यांतला सर्वांत क्रूर म्हणजे, "लग्न करून द्या, सुधारेल." एका आजारी माणसाच्या औषधादाखल एक परकी मुलगी वापरायची, असा त्याचा अर्थ होतो.

दुसरा, "रुग्णाच्या नकळत" दारू सोडवणाऱ्या पुड्या आणि गोळ्या. १९४० च्या दशकाच्या अखेरीस डेन्मार्कमधल्या संशोधकांच्या असे लक्षात आले, की डायसल्फिरम नावाचे द्रव्य पोटात असताना दारू घेतली तर चेहरा तापतो, छाती धडधडते, उलट्या होतात. डॉक्टर हे औषध आजही देतात, पण रुग्णाला पूर्ण कल्पना देऊन, तपासण्या करून, आणि त्याच्या संमतीने. तेच वरणात गुपचूप कालवले, आणि त्या बिचाऱ्याने नेहमीप्रमाणे भरपूर ढोसली, तर रक्तदाब कोसळून जीवही जाऊ शकतो. शिवाय फसवणूक उघडकीस आली की तो घरच्या ताटावरचा विश्वासही गमावून बसतो.

तिसरा, खोलीत कोंडून एकदम दारू तोडणे. रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक थांबवले, तर काही तासांत हात थरथरू लागतात. पुढच्या दोनचार दिवसांत झटके येऊ शकतात, भास होऊ शकतात, आणि क्वचित मृत्यूही ओढवतो. म्हणून पहिले काही दिवस वैद्यकीय देखरेख हवीच.

चौथ्या उपायाविषयी मात्र मला आदराने बोलावेसे वाटते: वारकऱ्याची माळ. तुळशीची माळ गळ्यात घातली की मद्य आणि मांस वर्ज्य, हा नेम महाराष्ट्रात शतकानुशतके चालत आला आहे. माळ घेऊन दारू सुटलेली माणसे गावोगाव भेटतात. मला वाटते, त्यात नुसती शपथ नसते. शपथ सुधाकरही घेतो. पण दारू सोडून तो जगाच्या दारात जातो तेव्हा जग त्याचा अपमान करते आणि तो एकटा पडतो. माळेबरोबर एकादशी येते, भजन येते, दिंडी येते, संध्याकाळी जायला जागा आणि बसायला सोबत येते. मोकळ्या झालेल्या संध्याकाळी कुठे जायचे, हा व्यसनमुक्त माणसापुढचा सर्वांत मोठा प्रश्न, आणि माळ त्याचे उत्तर देते. ज्याची श्रद्धा तिथे नाही त्याला ते उत्तर दुसरीकडे शोधावे लागते. पण शोधावे लागतेच.

मुक्तांगणाचे दार

असे एक दार पुण्यात १९८६ साली उघडले. डॉ. अनिल अवचट यांनी गर्दच्या विळख्यात सापडलेल्या तरुणांवर लिहिले. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले आणि त्यांनी आर्थिक साहाय्य देऊ केले. डॉ. अनिता अवचट मनोविकारतज्ज्ञ होत्या. येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात 'मुक्तांगण' सुरू झाले. अनिताबाई १९९७ साली गेल्या, अनिल अवचट २०२२ साली. त्यांची कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी ते काम पुढे नेले. रुग्णाला तिथे ३५ दिवस ठेवून घेतात. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने मोठी गोष्ट ही, की रुग्णांच्या बायकांसाठी तिथे 'सहचरी' हा वेगळा गट आहे. व्यसनी माणसाची बायको ही नुसती डबा पोहोचवणारी नसून तीही दुखावलेली आहे, तिलाही बसून बोलायला जागा हवी, हे तिथे ओळखले गेले.

गोव्यातल्या 'संगाथ' या संस्थेने आणखी एक गोष्ट दाखवून दिली. प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या मद्यपींशी, डॉक्टर नसलेल्या पण शिक्षण दिलेल्या साध्या माणसांनी फार तर चार बैठकांत बोलणे केले. ३७७ पुरुषांवरच्या या पाहणीत, तीन महिन्यांनी घातक पिण्यातून बाहेर आलेल्यांचे प्रमाण नेहमीच्या उपचारांच्या गटात सुमारे २६ टक्के होते, तर या गटात ३६ टक्के. २०१७ साली हे प्रसिद्ध झाले. व्यसनी माणसांच्या नातेवाइकांना आधार देण्याची रीतही याच संस्थेने गोव्याच्या मातीत रुजवून पाहिली आहे. तात्पर्य, मदत म्हणजे मोठ्या शहरातला मोठा डॉक्टरच असावा लागतो असे नाही. ऐकण्याचे शिक्षण घेतलेला माणूस पुरेसा असतो.

दारू सुटली, पुढे?

१९९१ साली मामा स्वतः होऊन एका केंद्रात दाखल झाले. दुसऱ्या वर्षी एकदा घसरले, सावरले, आणि त्यानंतर २००८ साली जाईपर्यंत त्यांनी थेंब घेतला नाही. घसरणे हे व्यसनातून उठण्याच्या वाटेवर नवलाचे नाही. दम्याचा किंवा रक्तदाबाचा रोगी जसा पथ्य मोडतो आणि पुन्हा औषधाला लागतो, तसेच ते असते. पण लोकांना वाटते, दारू सुटली की गोष्ट संपली. खरी गोष्ट तिथे सुरू होते.

सातवी पायरी सर्वांत उंच असते असे मामी म्हणत. अकरा वर्षे त्यांनी घर हाकलेले, आता शुद्धीवर आलेला माणूस खुर्चीत बसून म्हणतो, "पासबुक कुठे आहे?" कपाटाची किल्ली कमरेहून सुटता सुटेना. शेवटी असे ठरले, की पहिले तीन महिने वाणसामान मामांनी आणायचे, मग विजेचे बिल, मग शाळेची फी, आणि वर्षभराने बँक. विश्वासही हप्त्याहप्त्यानेच परत येतो. मुलगा तेव्हा चौदा वर्षांचा. मामा कौतुकाने म्हणाले, "पेपर दाखव पाहू." तो म्हणाला, "आईला दाखवलाय." मामा गप्प झाले. त्यांनी मारले नाही, रागावलेही नाहीत. रोज त्याच्या शेजारी बसून आपले वर्तमानपत्र वाचत राहिले. तो मुलगा बापाशी मोकळेपणाने बोलला तो सहा वर्षांनी.

आणि वास! मामा घरात आले की मामी नकळत जवळ जाऊन श्वास घ्यायच्या. एकदा मामा म्हणाले, "वास घ्यायचाय ना? घे. पण सांगून घे." दोघेही हसले, मग मामी खूप रडल्या. पुढे कधीतरी ती सवय गेली. कधी गेली ते आठवत नाही, असे त्या सांगत. मला वाटते, घर बरे झाले ते त्या न आठवणाऱ्या दिवशी.

सगळ्या घरांच्या वाट्याला मामा येत नाहीत. कित्येक जण सुटत नाहीत, कित्येक जातात. पण एवढे पक्के ध्यानात ठेवावे, की मामी बऱ्या होऊ लागल्या त्या मामांच्या आधी दोन वर्षे. मामा पुढे सुधारले नसते तरी ती दोन वर्षे, ते पाळणाघर, ते भजन, रात्रीची ती शांत झोप त्यांचीच होती. घराने आपले बरे होणे पिणाऱ्याच्या बरे होण्याला टांगून ठेवू नये, हेच मला या साऱ्या खटाटोपातून सांगायचे आहे. आणि हे बायकांपुरते नाही. पिणारी लेक किंवा सून असेल, गर्दच्या नादी लागलेला भाऊ असेल, तरी आईबापांना, भावंडांना हाच नियम लागू आहे. तिथे तर लाजेपायी दार अधिकच घट्ट लावलेले असते.

मुलांना मात्र खरे सांगावे. "बाबांना बरे नाही, त्यांना दारूचा आजार आहे, आणि तो तुझ्यामुळे झालेला नाही." एवढी तीन वाक्ये दहा वर्षांच्या मुलाला पेलतात. न सांगितलेले ओझे त्याहून जड असते.

शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आणि नातेवाइकांनी काय करावे? उपदेश करू नये. बोलावणी थांबवू नयेत. आणि कोपऱ्यात गाठून "त्यांचे कसे आहे?" असे न विचारता "तू कशी आहेस?" असे विचारावे. ज्यांना बोलायला जवळचे कोणी नाही त्यांच्यासाठी व्यसनमुक्तीच्या राष्ट्रीय मदतवाहिनीचा क्रमांक १४४४६ आहे, आणि मनाच्या दुखण्यासाठी सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या सेवेचा १४४१६. फोन पिणाऱ्यानेच केला पाहिजे असे नाही. घरचेही करू शकतात. भाऊबिजेला बहीण ओवाळील तेव्हा तिच्या डोळ्यांकडे जरा नीट पाहा. आणि काही दिसले, तर ताटात ओवाळणी घालून लगेच उठू नका. थोडा वेळ बसा.